गर्दी मोजणाऱ्यांनो, आधी तारीख द्या

२५ ऑक्टोबर २०२५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात रग्बी लीगच्या ॲशेस मालिकेतला पहिला सामना झाला. ऑस्ट्रेलियाने तो २६-६ असा आरामात जिंकला. निकालावर वाद घालण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वाद पेटला तो ६०,८१२ या आकड्यावरून. तेवढी माणसं त्या दिवशी मैदानात होती. एका बाजूचे म्हणाले, बघा, साठ हजार! देशादेशांमधली रग्बी लीग मेली म्हणणारे आता कुठे लपले? दुसऱ्या बाजूने लगेच वजाबाकी करून दाखवली. वेम्बलीत नव्वद हजार लोक बसतात, म्हणजे तीस हजार खुर्च्या रिकाम्या. या खेळाच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांना गिऱ्हाईक नाही, क्लबांचं बघा, हे लाड आता पुरे. आकडा एकच, पण एकाने त्याला वाढदिवसाची टोपी घातली आणि दुसऱ्याने पांढरं कापड.

मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघांची चूक एकाच जागी आहे. गर्दी म्हणजे जणू थर्मामीटर, लोकांच्या मनात खेळाबद्दल किती ऊब आहे ते त्यात दिसतं, असं दोघंही धरून चालतात. मग एक जण पारा चढला म्हणून नाचतो, दुसरा उतरला म्हणून वैद्याला परत पाठवतो. गर्दी खरं तर पिकासारखी असते. कापणीच्या दिवशी बांधावर उभं राहून जमीन नापीक आहे असं म्हणण्याआधी पेरणी कधी झाली, कुठे झाली, झाली तरी का, हे विचारावं लागतं. रग्बी लीगच्या बाबतीत हा प्रश्न विचारला की उत्तर लाजिरवाणं येतं. प्रेक्षकांनी या सामन्यांकडे पाठ फिरवलेली नाही. सामनेच वर्षानुवर्षं गैरहजर राहिले आहेत.

रग्बीशी ज्यांचा संबंध टीव्हीवर चॅनेल बदलताना येतो, त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगायला हवं. रग्बी दोन आहेत. १८९५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडचे वीसएक क्लब हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. भांडण पैशाचं होतं, पण चैनीच्या पैशाचं नव्हतं. खाणीत आणि गिरणीत शनिवारी अर्धा दिवस काम असे. सामन्यासाठी खाडा केला की मजुरी बुडायची. ती बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच मागणी होती. लंडनच्या बाबूलोकांना त्यात खेळाचा विटाळ दिसला. फुटून निघालेल्यांनी पुढे नियम बदलले, पंधराऐवजी तेरा खेळाडू केले, आणि रग्बी लीग नावाचा वेगळा खेळ उभा राहिला. पकडलं की उठायचं, चेंडू पायाने मागे सरकवायचा, पुन्हा धावायचं, पुन्हा पकड. अशा सहा पकडींत डाव संपवायचा. कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला हा खेळ पंधरावाल्या रग्बीपेक्षा लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे. आणखी एक फरक आपल्या लक्षात राहायला हवा. आपल्याकडे रणजी सामन्याला चार टाळकी असतात आणि भारताच्या सामन्याला तिकीट मिळत नाही. तिकडे नेमकं उलटं आहे. क्लब आधी, देश नंतर. त्यामुळे देशाच्या सामन्याला गर्दी कमी, ही बातमी आपल्याला धक्कादायक वाटते आणि सिडनीतल्या माणसाला जुनी.

पण ते नेहमीच असं होतं का? ६ जून १९३२ ला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर ब्रिटनचा संघ ऑस्ट्रेलियाशी खेळला तेव्हा ७०,२०४ लोक होते. टीव्ही नव्हता, ही सबब लगेच पुढे येईल, आणि ती खोटीही नाही. पण दुसरं कारण जास्त वजनाचं वाटतं. ब्रिटनचा संघ साधारण दर चार वर्षांनी बोटीने यायचा. महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये प्रवासी बोट मिळेना, तर ही मंडळी इंडॉमिटेबल नावाच्या विमानवाहू युद्धनौकेवर बसून ऑस्ट्रेलियाला गेली. दौरा चुकवला नाही! बापाने १९२८ ची मालिका बघितलेली, पोरगा १९३२ ची बघणार, हे घरात आधीच ठरलेलं असायचं. वारीची तारीख कुणी वारकऱ्याला जाहिरात करून सांगत नाही, तसंच. आता याच्याशेजारी आजचा हिशेब ठेवा. २०२५ च्या आधीची ॲशेस मालिका २००३ ची होती. मध्ये बावीस वर्षं. या काळात पोरगं जन्माला येतं, शाळा संपवतं आणि कॉलेजातून बाहेर पडतं. ज्या स्पर्धेला मुलाच्या अख्ख्या लहानपणात एकदाही जागा मिळाली नाही, तिच्याबद्दल त्याला ओढ का नाही, असं विचारणाऱ्याला काय म्हणावं? मला उलट कोडं पडतं ते साठ हजारांचं. बावीस वर्षांच्या उपासानंतर एवढे लोक आले कुठून?

ऑस्ट्रेलियाच्या संघाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २ नोव्हेंबर २०१९ ला तो टोंगा या चिमुकल्या बेटराष्ट्राशी खेळला आणि हरला. त्यानंतरचा त्याचा सामना १५ ऑक्टोबर २०२२ ला. मध्ये साथ होती, मान्य. पण त्याच काळात ऑस्ट्रेलियातली क्लबांची लीग खेळली गेली, क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांमधली मालिकाही झाली. जगज्जेत्या राष्ट्रीय संघाचा हिरवा-सोनेरी जर्सी मात्र तीन वर्षं कपाटात. दुकान तीन वर्षं बंद ठेवायचं आणि शटर वर केल्यावर रांग का नाही म्हणून गल्लीला दोष द्यायचा, हा प्रकार आहे.

विरोधकांचे मुद्दे मात्र पोकळ नाहीत. मी त्यांच्यातल्या दोन-तीन शहाण्या माणसांशी तावातावाने भांडलो आहे, आणि प्रत्येक वेळी थोडा गप्प होऊन परतलो आहे. पहिला मुद्दा निकालांचा. आजवर झालेल्या १६ वर्ल्ड कपपैकी १२ ऑस्ट्रेलियाने जिंकले. ब्रिटनने तीन, न्यूझीलंडने एक. बाकी जगाच्या वाट्याला शून्य. शेवट ठाऊक असलेल्या नाटकाचं तिकीट कोण काढणार? २०२५ च्या मालिकेत इंग्लंडने तीन सामन्यांत मिळून अठरा गुण केले. सहा, चार, आठ. हे बघून कुणी कंटाळला तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत.

तरीही त्याच मालिकेच्या गर्दीचे आकडे ओळीने वाचा. वेम्बलीत ६०,८१२. आठवड्याने लिव्हरपूलला एव्हर्टन या फुटबॉल क्लबच्या नव्या मैदानावर ५२,१०६. तिथेच मालिका गेली. तिसरा सामना लीड्सच्या हेडिंग्लीवर, ज्याला काही अर्थ उरला नव्हता, तिथे १९,५००. वरून बघणारा म्हणेल, घसरगुंडी. पण हेडिंग्लीच्या रग्बीच्या बाजूला माणसं मावतातच तेवढी, आणि ती बाजू भरली होती. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना हे मैदान ओळखीचं वाटेल. एकच स्टँड, त्याचं एक तोंड क्रिकेटच्या मैदानाकडे आणि पाठीकडचं रग्बीच्या मैदानाकडे. १९९२ मध्ये एकोणीस वर्षांचा सचिन यॉर्कशायरकडून ज्या हिरवळीवर खेळायचा, तिच्या भिंतीपलीकडे ही मंडळी चिखलात एकमेकांना आपटत असतात. हरलेल्या मालिकेतला मेलेला सामना, नोव्हेंबरची थंडी, समोर न हरणारा प्रतिस्पर्धी, आणि तरी मैदान भरलेलं. निकालाच्या खात्रीने गर्दी आटते, हा सिद्धांत इथे बसत नाही.

जागेचा प्रश्न निघालाच आहे तर १९७२ ची गोष्ट सांगायलाच हवी, कारण रिकाम्या खुर्च्यांचे भक्त ती हमखास काढतात. त्या वर्षीचा वर्ल्ड कप फायनल फ्रान्समधल्या लियाँ शहरात झाला. ब्रिटन विरुद्ध ऑस्ट्रेलिया, १०-१० अशी बरोबरी, आणि साखळीतल्या कामगिरीवर कप ब्रिटनला. ब्रिटनचा कर्णधार क्लाइव्ह सलिव्हन. ब्रिटनच्या कुठल्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. त्याने त्या सामन्यात जवळजवळ अख्खं मैदान धावून काढून ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्या रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले. हा पराक्रम प्रत्यक्ष पाहिला चार हजारांच्या थोड्या वर लोकांनी. भलंमोठं जेर्लां स्टेडियम आणि त्यात चार हजार! पण फ्रान्समध्ये हा खेळ जगतो तो कार्कासॉन, पेर्पिन्याँ, तुलूझ या दक्षिणेच्या पट्ट्यात. लियाँ त्या पट्ट्याच्या बाहेर, आणि यजमान फ्रान्स फायनलमध्ये नाही. कोल्हापूरच्या खासबागेत माणसं झाडावर चढून ज्या कुस्त्या बघतील, त्याच कुस्त्या भलत्याच शहरात नेऊन ठेवल्या तर पहिली रांगही भरणार नाही. म्हणून कुस्ती संपली म्हणायचं?

आता याला जोडून एक अडचण मीच उभी करतो. १९९२ चा फायनल त्याच दोन देशांमध्ये लंडनला झाला आणि ७३,६३१ लोक आले. लंडन तर रग्बी लीगचं माहेर कधीच नव्हतं. मग जागेचा सिद्धांत गेला कुठे? उत्तर १९२९ मध्ये आहे. त्या वर्षापासून उत्तरेकडच्या क्लबांच्या चॅलेंज कपचा फायनल वेम्बलीवर होऊ लागला. विगन, हल, विड्नेस अशा गावांतून वर्षातून एकदा बसगाड्या भरून लंडनला जायचं, ही तीन पिढ्यांची रीत झाली. वेम्बलीचा रस्ता लोकांच्या पायांना पाठ होता. उलट २००० च्या वर्ल्ड कपचा पहिला सामना ट्विकनहॅमला ठेवला, म्हणजे ज्यांच्याशी शंभर वर्षांपूर्वी भांडून घर सोडलं त्यांच्याच वाड्यात. तिथे ३३,७५८ आले आणि अर्ध्याहून जास्त मैदान मोकळं राहिलं. त्यात ऐन स्पर्धेच्या तोंडावर हॅटफिल्डला रेल्वे अपघात झाला, देशभर गाड्या रखडल्या, पूर आले. ती स्पर्धा तोट्यात गेली, आणि तिचं भूत पुढची कित्येक वर्षं प्रत्येक बैठकीत येऊन बसलं. पुढचा वर्ल्ड कप व्हायला आठ वर्षं लागली. पावसाने एक पीक गेलं म्हणून शेत आठ वर्षं पडीक ठेवणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा पुढेच आहे, आणि त्याचं नाव स्टेट ऑफ ओरिजिन. क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स, वर्षाला तीन सामने. २०१५ मध्ये मेलबर्नच्या एमसीजीवर यातल्या एका सामन्याला ९१,५१३ लोक होते. ऑस्ट्रेलियन माणसाला खेळाचं शिखर विचारा, तो हेच सांगेल. देशाकडून खेळणं त्यानंतरचं, मिठाईनंतरच्या बडीशेपेसारखं. मग लोकांना जे हवं आहे ते त्यांच्या पुढ्यात असताना देशांचे सामने त्यांच्या गळी का उतरवायचे? हा युक्तिवाद मला बरीच वर्षं बिनतोड वाटायचा. मग मी या ओरिजिनचा जन्मदाखला बघितला.

१९८० पर्यंत या दोन राज्यांचे सामने व्हायचेच, पण खेळाडू ज्या राज्यातल्या क्लबात नोकरीला असेल त्या राज्याकडून खेळायचा. पैसा सिडनीत. त्यामुळे क्वीन्सलंडची उत्तम पोरं सिडनीला जायची आणि मग स्वतःच्याच राज्याला न्यू साउथ वेल्सच्या निळ्या जर्सीत तुडवायची. लोकांना याचा इतका वीट आला की १९८० च्या मे महिन्यात सिडनीच्या लाइकार्ट ओव्हलवर झालेल्या दोन राज्यांच्या सामन्याला १,६३८ प्रेक्षक होते. सोळाशे अडतीस! तालुक्याच्या यात्रेतल्या फडालाही त्याहून जास्त लोक येतात. मग त्याच वर्षी ८ जुलैला नियम बदलून पाहिला: ज्या राज्यात खेळाडू घडला, त्या राज्याकडून तो खेळणार. पस्तिशीचा आर्थर बीटसन, कारकिर्दीचा बहुतेक काळ सिडनीत घालवलेला, पहिल्यांदा क्वीन्सलंडचा लालसर जर्सी घालून ब्रिस्बेनच्या लँग पार्कात उतरला. ३३ हजारांहून जास्त लोक आले आणि क्वीन्सलंड २०-१० ने जिंकलं. राज्यं तीच, खेळ तोच, हिवाळा तोच. सहा आठवड्यांत लोकांची आवड वीसपट झाली, असं कुणी म्हणेल का? लाइकार्ट ओव्हलच्या आकड्यावर विसंबून कुणी राज्यांचे सामनेच बंद करा म्हटलं असतं, तर त्या वेळी तेही शहाणपणाचं दिसलं असतं. ओरिजिन ही देशांच्या सामन्यांविरुद्धची साक्ष म्हणून आणली जाते. मला ती त्यांच्याच बाजूची सगळ्यात पक्की साक्षीदार वाटते. माणूस आपल्या माणसांकडून खेळू लागला की लोक येतात.

हेच मी डोळ्यांनी पाहिलं ते २०१७ मध्ये. तेव्हा मी दक्षिण ऑकलंडच्या पापाटोएटोए उपनगरात राहत होतो. तिथे एका गल्लीत बेसन, पोहे, लिज्जतचे पापड सगळं मिळतं आणि पुढच्या गल्लीत टोंगन, सामोअन घरं. त्या वर्षीच्या वर्ल्ड कपच्या तोंडावर, ऑक्टोबरात, जेसन टाउमालोलो या न्यूझीलंडच्या बिनीच्या खेळाडूने न्यूझीलंडऐवजी टोंगाकडून खेळायचं ठरवलं. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू फिफिताही टोंगाकडे आला. पगाराचा विचार करणाऱ्या धंदेवाईक खेळाडूंनी कमी मानधनाचा संघ निवडला, ही बातमी आमच्या रस्त्यावर मोसमी वाऱ्यासारखी पसरली. एका आठवड्यात कुंपणं लाल झाली. गाड्यांच्या बॉनेटला झेंडे, आरशांना झेंडे, कुत्र्याच्या गळ्यात झेंडा. ११ नोव्हेंबरला हॅमिल्टनमध्ये टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ हरवलं, आणि त्या रात्री जवळच्या ओटाहूहू उपनगराचा मुख्य रस्ता आपल्या अनंत चतुर्दशीसारखा झाला. मी दूध आणायला निघालो होतो, दीड तासाने दूध न घेता परतलो.

शेजारच्या टोंगन आजींच्या गॅरेजमध्ये गाद्या अंथरल्या होत्या, भिंतीला टीव्ही, कोपऱ्यात अख्खं डुक्कर भाजायची तयारी. २५ नोव्हेंबरचा उपांत्य सामना इंग्लंडशी, माउंट स्मार्ट स्टेडियमवर. तिकिटं केव्हाच संपलेली. मैदानात ३०,००३ लोक आणि बघावं तिकडे लाल. सत्तरहून अधिक मिनिटं टोंगाचा एकही गुण नाही, इंग्लंड २०-० पुढे. आपल्याकडे असते तर लोक पार्किंगमधून गाड्या काढायला निघाले असते. तिथे स्टँडमध्ये प्रार्थनागीतं चालू होती, चर्चमधली, चार सुरांत. गॅरेजमध्ये आजी त्यांच्यामागे गात होत्या. मग सात-आठ मिनिटांत तीन ट्राय. २०-१८. शेवटच्या क्षणी फिफिता रेषेकडे झेपावला आणि चेंडू हातातून गेला. पंचांनी ट्राय दिला नाही. त्यावर पुढे निवेदनं निघाली, मोर्चे निघाले. एक लाख वस्तीच्या बेटराष्ट्राने दुसऱ्या देशातलं मैदान भरलं आणि हरल्यावर रस्त्यावर उतरून दाद मागितली. यालाच जर अनास्था म्हणायचं, तर आस्था कशाला म्हणतात?

इथे तिसरा आक्षेप येतो: हे देश खोटे आहेत. टोंगाच्या संघातली बहुतेक मुलं ऑकलंडची नाही तर सिडनीची. आजोबांच्या नात्याने जर्सी मिळवलेली. आक्षेपातली माहिती खरी आहे. स्कॉटलंड, आयर्लंड, इटली यांच्या संघांत ऑस्ट्रेलियन उच्चारांची मुलं खेळतात, हेही खरं, आणि त्यांच्या सामन्यांना जेमतेम गर्दी असते, हेही खरं. पण टोंगाच्या मुलांचा जन्म ऑकलंडमधला, तसाच त्यांच्या प्रेक्षकांचाही. मैदानावरचा मुलगा आणि खुर्चीवरची मावशी एकाच चर्चला जातात, त्यांचे बाप एकाच बांधकामावर काम करत होते. ग्लासगोतल्या माणसाला क्वीन्सलंडच्या पोराशी असं काही नातं वाटत नाही, म्हणून तो येत नाही. फरक पासपोर्टचा कुठे आहे? प्रेक्षकाला तो संघ ‘आपला’ वाटतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या मुंबईने हे शंभर वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि पुढे ‘इतर’ अशा संघांचे पंचरंगी सामने मुंबई बंद पाडायचे. रणजी करंडक १९३४ मध्ये सुरू झाला, खेळाडू बरेचसे तेच, पण प्रांतांच्या सामन्यांना ती धग नव्हती. सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी ब्रेबॉर्नवर ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या, त्या पंचरंगीतच. गर्दी ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यासाठी येते, हे तेव्हाच कळायला हवं होतं. ही गोष्ट निखळ गोड नाही. त्या ‘आपण’ची घडण धर्मावर होती, गांधीजींनी त्याला विरोध केला, आणि १९४६ नंतर ते सामने बंद झाले ते योग्यच झालं. ओळखीवर पोसलेल्या गर्दीत विखार असू शकतो, हे मी नाकारत नाही. ऑकलंडला त्या महिन्यात पोलिसांनाही काम होतं. पण बेटांवरून आलेल्या, कारखान्यांत आणि हॉस्पिटलच्या सफाईत राबलेल्या लोकांची ओळख आणि साम्राज्याने आखून दिलेली धर्माची खाती, या दोन गोष्टी मी एका मापाने मोजणार नाही.

ऑस्ट्रेलियन प्रेक्षकाबद्दल मात्र मी हार मानतो. त्याला खरोखरच स्वतःच्या राष्ट्रीय संघाची फार पडलेली नाही. २०१७ च्या वर्ल्ड कपचा फायनल ब्रिस्बेनमध्ये, घरच्या संघाचा, इंग्लंडविरुद्ध, आणि ४०,०३३ लोक. दहा-बारा हजार जागा मोकळ्या. पण मग त्याच मैदानावरचा २६ ऑक्टोबर २०२५ चा रविवार बघा, वेम्बलीच्या सामन्याचा दुसरा दिवस. सामोआ विरुद्ध टोंगा. ऑस्ट्रेलिया मैदानातच नाही, आणि तरी ४४ हजारांहून अधिक लोक. यजमानांच्या वर्ल्ड कप फायनलपेक्षा दोन पाहुण्यांच्या सामन्याला जास्त गर्दी! आपल्या डोळ्यांसमोर एक प्रेक्षक म्हातारा होतोय आणि दुसरा वयात येतोय, आणि आपण पहिल्याचा ताप मोजून दुसऱ्याचं औषध ठरवतोय.

शिवाय मोजायचं कशात? पापुआ न्यू गिनीत हा खेळ म्हणजे वेड आहे, आपल्या क्रिकेटवेडालाही लाजवेल असं. २०१९ मध्ये तिथे त्यांनी ग्रेट ब्रिटनला २८-१० हरवलं. पण पोर्ट मोर्झबीचं राष्ट्रीय मैदान पंधरा हजारांच्या आतलं. तिथला विक्रमी आकडाही वेम्बलीच्या रिकाम्या जागांच्या निम्माच दिसणार. २०२२ मध्ये मँचेस्टरला व्हीलचेअर रग्बी लीगचा फायनल झाला, इंग्लंडने फ्रान्सला २८-२४ हरवलं. ४,५२६ प्रेक्षक, त्या खेळाचा विक्रम. लियाँचे चार हजार आणि मँचेस्टरचे साडेचार हजार, तक्त्यात शेजारी-शेजारी बसतील. एका मैदानात हाक मारली तर प्रतिध्वनी यायचा, दुसऱ्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

राहिला पैसा. क्लब खेळाडूला पगार देतात, गुडघा देशाकडून खेळताना मोडला तर भुर्दंड क्लबाला, आणि मोसम आधीच लांबलचक. क्लबमालकाने हात आखडता घेतला तर त्याला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. पण या खेळात आखडता हात आणि उलथवलेलं ताट यांतला फरक पुसला गेला आहे. २०२१ च्या जुलैत, स्पर्धा तीन महिन्यांवर असताना, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने अंग काढून घेतलं आणि वर्ल्ड कप वर्षभर पुढे गेला. २०२३ मध्ये फ्रान्सने २०२५ च्या यजमानपदातून माघार घेतली. स्पर्धा २०२६ वर आणि ऑस्ट्रेलियाकडे ढकलली गेली. लग्नाची तारीख दोनदा बदललेल्या घरी पाहुण्यांनी आहेर घेऊन वेळेवर यावं, ही अपेक्षा करायची तरी कशी? इंग्लंडमध्ये तिकिटं महाग होती, यावरही बरीच ओरड झाली. तरी त्या २०२२ च्या स्पर्धेत पहिल्या दिवशी सामोआ इंग्लंडकडून ६०-६ असा चेचला गेला, आणि महिन्याभराने त्याच इंग्लंडला त्याच सामोआने उपांत्य फेरीत २७-२६ असं हरवलं. त्या सामन्याला ४०,४८९ लोक होते. उरलेल्या जगाने ती संध्याकाळ चुकवली, आणि तशी संध्याकाळ पुन्हा कधी, हे सामना संपल्यावर कुणी सांगितलं नाही.

२०१७ च्या त्या हरलेल्या सामन्यानंतर तीन-चार दिवसांनी आजी कुंपणावरचा झेंडा उतरवत होत्या. वाऱ्याने एक कोपरा फाटला होता. शिवून ठेवते म्हणाल्या, आणि मला विचारलं, ‘तुझ्या त्या फोनमध्ये बघ बरं, आमची पोरं परत कधी खेळणार?’ मी बराच वेळ शोधलं. क्लबांचं पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आलेलं होतं, तारीख, वार, मैदान, सगळं. टोंगाच्या नावापुढे मला काहीच सापडलं नाही. आजींनी मान हलवली, झेंड्याची घडी घातली आणि गॅरेजमधल्या फ्रीजरवर, वाळत घातलेल्या टॉवेलांखाली ठेवून दिली.